हिरव्या बाणावर पहारा

"बाई, आफ्रिका नकाशात डाव्या हाताले आहे ना?"

बाबांनी फोनवर विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नुकतीच ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीतून, उतरून जेवायला बसले होते. हो म्हटलं, डावीकडेच आहे, अजून कोणी हलवलेली नाही.

"मंग तू उजव्या हाताले काहून चालली? कालपासून पाहून राहिलो मी. आधी वाटलं, वळणाचा रस्ता असेन. पण तू तर सरळच चालली. तुमचा कॅप्टन झोपला काय?"

आमचा कॅप्टन झोपला नव्हता. तो समोरच्या टेबलावर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खांद्यावरच्या चार सोनेरी पट्ट्यांसह वरण-भात खात होता. जहाजही योग्य दिशेलाच चाललं होतं. काकीनाड्याला तांदळाची पोती भरून आम्ही निघालो होतो, श्रीलंकेला वळसा घातला होता आणि आता आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर तो तांदूळ उतरवायचा होता. तांदळाचा उल्लेख केला तेव्हा बाबा बराच वेळ हसले होते. भंडाऱ्याची पोरगी धानाच्या बांधीतून निघून जगाच्या पाठीवर कुठवर गेली, तर पुन्हा तांदळापाशीच.

मी त्यांना फोनच्या पडद्याचा फोटो काढून पाठवायला सांगितला. शेजारच्या पोराकडून काढून घेऊन त्यांनी पाठवला. जगातली जहाजं बाणांच्या रूपात दाखवणारं एक ॲप असतं. मालवाहू जहाज हिरवा बाण, तेलवाहू लाल. बाबांनी बोट ठेवलेला बाण लाल होता. श्रीलंकेच्या खाली जहाजांची एवढी गर्दी असते की बाणाला बाण चिकटलेला दिसतो. त्या गर्दीत बाबांचं बोट शेजारच्या तेलाच्या जहाजावर पडलं होतं आणि काल सकाळपासून ते मन लावून, जेवणखाण विसरून, कुणा परक्याच्या लेकराला पूर्वेला, मलाक्काच्या दिशेने पोहोचवत होते.

"बाबा, तो लाल आहे. मी हिरवी."

त्यांनी शेजारच्या पोराकडून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "तो बी चांगला चालून राहिला होता."

मी हसले आणि फोन ठेवला. पण जेवण गार झालं. माझ्या नोकरीत लाल आणि हिरवा या दोन रंगांवर सगळं उभं आहे. समोरून येणाऱ्या जहाजाचा कोणता दिवा दिसतो, त्यावरून ते कुठे चाललंय ते कळतं. रंग ओळखण्याची परीक्षा झाल्याशिवाय कुणी आम्हाला जहाजाची शिडी चढू देत नाही. ज्या माणसाला लाल बाण हिरवा वाटतो त्याला धक्क्यावरच सोडून देतात.

मी आईला वेगळा फोन केला.

"आता विचारलं तर सांगते," आई म्हणाली. "उजवा डोळा पांढरा पडला पूर्ण. मोतीबिंदू. डॉक्टरनं भंडाऱ्याले दोनदा बोलावलं ऑपरेशनले. म्हणे पिकून गेला, आता थांबले तर डोळ्यातला दाब वाढीन, मंग ऑपरेशन करूनही दिसन याची गॅरंटी नाही. आन डावा तर तुले माहीतच आहे."

डावा मला माहीत होता. लहानपणी विटीदांडू खेळताना विटी लागून तो अधू झाला होता. बाबांचा सगळा कारभार उजव्यावर होता, आणि आता तोच जायच्या मार्गावर होता.

"मग थांबले कशाला?"

"तूच विचार. मले म्हणतात, पोरगी पाण्यावर आहे आन मी डोळ्याले पट्टी बांधून बसू काय? कोण पाहीन?"

इथे मला थोडं मागे जायला हवं, कारण "कोण पाहीन" हा प्रश्न बाबांच्या तोंडी नवा नाही.

बाबांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत गेली. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो. त्या वसाहतीत मुलांना शाळेच्याही आधी एक गोष्ट कळते: वडील कामाबद्दल बोलत नाहीत. कुणाचे वडील काय बनवतात हे विचारायचं नसतं. त्यामुळे मैत्रिणींना आपले वडील फार मोठं काहीतरी करतात असं वाटायचं. मला मात्र ठाऊक होतं की माझे बाबा वाफ करतात. ते बॉयलर हाउसमध्ये होते. काचेच्या एका नळीतलं पाणी आणि एका तबकडीवरचा काटा, या दोन वस्तूंकडे बघत राहणं हे त्यांचं काम. काटा हलला तर काय करायचं हे त्यांना माहीत होतं. पण नोकरीचा बहुतेक काळ तो हलत नव्हता आणि ते बघत होते.

त्या कामाचा एकच नियम ते घरात सांगायचे. बदलीचा माणूस आल्याशिवाय बॉयलर सोडायचा नाही. भोंगा झाला, बस निघाली, पोटात आग पडली, तरी नाही. माझ्या बारशाच्या दिवशी बदलीचा माणूस आला नाही, म्हणून बाबाही आले नाहीत. ही गोष्ट आई आजही पाहुण्यांना चहाबरोबर देते.

निवृत्तीनंतर त्यांनी भंडाऱ्याजवळ कारध्याला लहानसं घर बांधलं. गच्चीवरून वैनगंगा दिसते. गोसीखुर्दच्या धरणात पाणी अडल्यापासून ती इथेही फारशी वाहत नाही, नुसती भरून असते. मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे फिरतात तेवढीच हालचाल. तबकडी नाही, काटा नाही. बाबा पहिलं वर्षभर घरातला पाण्याचा नळ, गॅसचा सिलिंडर आणि आईची कुकरची शिटी यांवर लक्ष ठेवून होते. आई कंटाळून गेली होती.

मग मी थर्ड ऑफिसर झाले आणि त्यांना तो हिरवा बाण मिळाला.

थर्ड ऑफिसर म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांमधली सर्वांत धाकटी. सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा ब्रिजवर पहारा देणं, आणि उरलेल्या वेळात जीव वाचवायच्या सामानाची देखभाल करणं. समुद्रावरची पुस्तकं मी वसाहतीच्या वाचनालयात बरीच वाचली होती. त्यांतले खलाशी कठड्याला टेकून क्षितिजाकडे बघत जगण्याचा अर्थ शोधतात. मी कठड्याला टेकते तेव्हा बहुधा लाइफ जॅकेटला लावलेली शिटी वाजते की नाही ते बघत असते. सगळ्या जॅकेटांच्या शिट्ट्या स्वतः तोंडाने वाजवून बघाव्या लागतात. अर्थ शोधायला दम उरत नाही.

गेल्या सुट्टीत भंडाऱ्याला एका मेळाव्यात माझा सत्कार झाला. प्रमुख पाहुण्यांनी मला नौदलात घातलं. सागराच्या लाटांवर स्वार होऊन देशाच्या सीमा राखणारी रणरागिणी, असं ते म्हणाले तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कारण तशी कुणीतरी येणार असेल असं मला वाटलं. शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि तोफा असलेल्या युद्धनौकेचं चित्र छापलेलं स्मृतिचिन्ह दिलं. मी माइकवर सांगितलं की मी मालवाहू जहाजावर असते आणि गेल्या खेपेला आम्ही कोंबड्यांचं खाद्य नेलं होतं. टाळ्या पडल्या. कुणीही ऐकलं नव्हतं.

बाबा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना त्या भाषणाशी काही देणंघेणं नव्हतं. घरी येताना त्यांनी मला एकच विचारलं: "तुमच्यात बदलीचा माणूस वेळेवर येते काय?"

येतो, असं मी म्हटलं. त्यांना फार बरं वाटलं.

त्यानंतर पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर, फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या मंडळींत, बाबा सागरी वाहतुकीचे जाणकार म्हणून बसू लागले. मागच्या खेपेला आम्ही एका बंदराबाहेर नांगर टाकून पडलो होतो, तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं होतं की तू त्याच त्या जागी गोल काहून फिरून राहिली, रस्ता चुकली काय. नांगर टाकलेलं जहाज वारा आणि प्रवाहाप्रमाणे साखळीभोवती फिरत राहतं, हे मी समजावलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्यांनी ते दाव्याला बांधलेल्या गाईचं उदाहरण देऊन मांडलं आणि ते माझ्यापेक्षा बरं होतं, असं कळलं. तिथेच त्यांनी हेही सांगून टाकलं होतं की थर्ड ऑफिसरच्या खांद्यावर तीन पट्ट्या असतात.

तर आता डोळा.

मी पहिल्यांदा साधा मार्ग धरला. म्हटलं, बाबा, मी रोज मेसेज करते ना, मग बाण कशाला पाहायचा?

"मेसेजमध्ये तू 'मी बरी आहे' असंच लिहिशील. बॉयलरवाला सांगते काय कधी की माहा बॉयलर खराब आहे? काटा पाहावा लागते."

मग मी तर्काचा मार्ग धरला. हे ॲप किनाऱ्यावरच्या यंत्रांवर चालतं. एक-दोन दिवसांत आम्ही किनाऱ्यापासून इतके लांब जाऊ की बाण राखाडी होईल आणि दक्षिण आफ्रिका जवळ येईपर्यंत, दोनेक आठवडे, एकाच जागी राहील. म्हणजे बघण्यासारखं काही नाहीच. तेवढ्यात ऑपरेशन उरकून घ्या.

मला वाटलं, मी जिंकले.

"असं नाही बाई," बाबा शांतपणे म्हणाले. "काटा हलून राहिला तर माणूस चहाले जाऊ शकते. काटा अडकला तर खुर्चीवरून उठायचं नसते. तेव्हाच तर पाहावं लागते."

सगळ्यात वाईट म्हणजे ते बरोबर होतं. आमच्याही ब्रिजवर एखादा आकडा बराच वेळ बदलला नाही तर आधी त्या यंत्राचा संशय घ्यायला शिकवतात. बाबा माझ्याच धंद्याच्या नियमाने आंधळे व्हायला निघाले होते.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता जिना चढून वर आलं. ते म्हणजे आमचा सेकंड ऑफिसर, जो रोजच बाराला येतो. केरळचा, कमी बोलणारा. माझ्याकडून पहारा घ्यायची त्याची पद्धत ठरलेली आहे. येतो, माझ्याशी बोलत नाही. आधी स्वतः रडार बघतो, नकाशा बघतो, काचेतून चारी बाजूंना बघतो. मग मी सांगते: दिशा ही, वेग हा, उजवीकडे एक जहाज आहे ते आपल्या मागून जाईल, कॅप्टनची सूचना अमुक. तो पुन्हा बघतो. सगळं पटलं की म्हणतो, "ठीक आहे, आता माझ्याकडे." हे शब्द उच्चारले जाईपर्यंत जहाज माझं असतं. ते उच्चारले की खांद्यावरून पाण्याची घागर उतरवावी तसं होतं. मी तेव्हा झोपले तरी चालतं, आंधळी झाले तरी चालतं.

जिना उतरताना मला वाटलं, आपण काल बाबांना ड्युटी सोडून जायला सांगत होतो. ते त्यांनी जन्मात कधी केलेलं नाही. त्यांच्या बदलीला माणूसच दिला नव्हता.

मी व्हिडिओ कॉल लावला. बाबा खुर्चीवर, फोन नाकाला टेकलेला, त्यामुळे मला मुख्यतः मिशी दिसत होती. आई मागे तांदूळ निवडत बसली होती.

"बाबा, ड्युटी हँडओव्हर करायची आहे."

"कोणाले?"

"आईले."

फोन नाकापासून दूर गेला. बाबांचा पूर्ण चेहरा आला.

"तिले काय समजते यातलं?"

"विचारून तर पाहा," सुपातून डोकं वर न काढता आई म्हणाली.

बाबांनी मला दटावलं नाही, हसलेही नाहीत. ते खुर्चीत सरळ बसले. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. हा माणूस मी लहानपणी फक्त सकाळी फॅक्टरीच्या बसच्या खिडकीत पाहिला होता.

"अवो, बाण कोणत्या रंगाचा?"

"हिरवा. मालवाले हिरवे, तेलवाले लाल. तुम्ही मले एक वेळ दाखवला असता तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की परक्याच्या मांगं लागले म्हणून."

"ते सोड. बाण राखाडी झाला तर?"

"तर ती किनाऱ्यापासून दूर गेली. बुडाली नाही. बोंबलायचं नाही, शेजारी सांगायचं नाही, मेसेजची वाट पाहायची."

"आन गोल फिरला तर?"

"गाय दाव्याले बांधली." आईने सूप बाजूला ठेवलं. "तुमचं सगळं भाषण मी रोज ऐकते. टपरीवर जायच्या आधी घरातच तर म्हणून पाहता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पहारा बदलताना दोघांच्या मध्ये तिसऱ्याने बोलायचं नसतं.

"आमच्यात," बाबा सावकाश म्हणाले, "नवीन माणूस जुन्याच्या तोंडावर विश्वास ठेवत नाही. पाण्याची काच स्वतः उडवून, म्हंजे त्यातून वाफ सोडून, पाहते. नळी मोकळी आहे की नाही ते. मी ॲप बंद करतो. तू उघड आन स्वतः शोध तिचं जहाज."

आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने पदराला हात पुसले, फोन घेतला, आणि कॅमेऱ्यावर बराच वेळ तिची हनुवटी आणि छताचा पंखा आलटून पालटून दिसत राहिले. दोनदा "हे नाही" ऐकू आलं. एकदा "हा कोण मेला मधात?" मग म्हणाली, "हे पाहा. शिडी, मंग तंबू, मंग दोन दांड्या. हेच नाव हाये. हिरवा आहे. खाली, डाव्या अंगाले तोंड करून चालली. आफ्रिकेकडे."

शिडी म्हणजे एच. तंबू म्हणजे ए. माझ्या जहाजाचं नाव आजवर कुणी इतकं नीट वाचलेलं मी ऐकलं नाही.

बाबांनी फोन डोळ्याजवळ नेला, आणखी जवळ नेला, आणि मग, दिसलं नाही म्हणून असेल किंवा दिसायची गरज उरली नाही म्हणून असेल, परत आईच्या हातात दिला.

"आमच्याकडे अजून एक नियम आहे," आता मी बोलले. "अंधारात पहारा घ्यायला आलेल्या माणसाचे डोळे जोपर्यंत अंधाराला सरावत नाहीत, तोपर्यंत त्याला पहारा द्यायचा नाही. तो कितीही म्हणाला तरी."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "चांगला नियम आहे." आईने तो ऐकून ठेवला होता, हे आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं नाही.

"मग आई, घेतलीस का ड्युटी?"

"घेतली. जा तुम्ही आता, उठा. माह्याकडे आहे."

बाबा खुर्चीवरून उठले. कुठे जायचं ते त्यांना कळेना. थोडा वेळ खोलीच्या मध्येच उभे राहिले, मग चष्मा काढून खिशात घातला आणि गच्चीवर गेले. आई त्या खुर्चीवर बसली आणि मला म्हणाली, "ठेव आता. मले कामं आहेत."

दोन दिवसांनी बाण राखाडी झाला. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. आमच्याकडे तेव्हा इंटरनेट धड नव्हतं. कधी चार ओळी जायच्या, कधी काहीच नाही. खाली लांबच लांब उसळत्या लाटा, वर ढग, आणि मी शिट्ट्या संपवून आग विझवायच्या नळकांड्यांकडे वळले होते. रोज बाराला सेकंड ऑफिसर "आता माझ्याकडे" म्हणायचा आणि मला कारध्याची खुर्ची आठवायची. डोळ्याचं काय झालं ते कळत नव्हतं. आईचा एक मेसेज आला, तो शेजारच्या पोराने लिहिलेला होता: पट्टी सोडली, डॉक्टर काही बोलला नाही, पुन्हा बोलावलं आहे. काही न बोलणारा डॉक्टर चांगला की वाईट, यावर मी दोन दिवस घालवले. राखाडी बाणाकडे बघत बसणं काय असतं ते मला तेव्हा समजलं.

आफ्रिकेचा किनारा जवळ आला आणि फोन जिवंत झाला. मी कॉल लावायच्या आधीच घरून आला.

"हिरवी झाली!" आई ओरडली. "आत्ताच झाली. मी भाजी सोडून आली."

मागून बाबांचा आवाज: "दे इकडे. आता माही ड्युटी. डोळा चांगला झाला माहा, डॉक्टरनं सांगितलं."

"काळा चष्मा आहे ना अजून? डोळे सरावले नाहीत. नियम आहे. तुम्हीच म्हणाले, चांगला नियम आहे."

"अवो, तो अंधाराचा नियम होता."

"मंग उजेडाले सरावू द्या."

बरीच ओढाताण झाली. शेवटी फक्त बोलण्यापुरता फोन बाबांकडे आला. काळ्या चष्म्यात ते एखाद्या नटासारखे दिसत होते. चष्मा त्यांनी कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे बघितलं. फोन नाकापासून हातभर लांब धरून. आमच्या कॅप्टनच्या हौशीमुळे मीही पांढऱ्या शर्टात, खांद्यावरच्या पट्टीसकट होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हॉलमधला तुझा फोटो पाहिला मी आज. आन आताही पाहून राहिलो. खांद्यावर एकच पट्टी आहे?"

"एकच आहे, बाबा. थर्डला एकच असते. तीन चीफ ऑफिसरला."

"मी तर तीन सांगून बसलो टपरीवर."

"मग आता?"

त्यांनी थोडा विचार केला.

"राहू दे. त्याइचे डोळे कुठे चांगले आहेत. पण मले एकच दिसते. साफ दिसते. धाग्यासकट."

त्यांना पुढेही काही बोलायचं असावं, पण आईचा हात मध्ये आला.

"झालं ना? द्या इकडे. दोन लाल आले तिच्या आजूबाजूले."